मनीऑर्डरीवरचा अंगठा



आज पोस्टाबद्दल बोलायचं आहे. गटाच्या बैठकीत पोस्टाचा विषय निघाला की दोन आवाज एकदम येतात. एक म्हणते, पोस्टमन दारात येतो म्हणून बरं, नाहीतर तालुक्याला जाऊन एक दिवस फुकट. दुसरी म्हणते, कसलं बरं, कॉल लेटर मुलाखतीची तारीख उलटल्यावर मिळालं. दोघींचं खरं आहे. आणि हे आजचं नाही, शंभर-सव्वाशे वर्षांपासून असंच चाललं आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याइतकं पोस्टावर अवलंबून राहिलेले जिल्हे फार नसतील. का, ते सांगते.

पेशव्यांच्या काळात जासूद आणि हलकारे पत्रं न्यायचे, पण ती राजदरबाराची आणि सावकारांची. साध्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. पुढे इंग्रजांचं टपाल आलं, तरी जितकं अंतर जास्त तितका पैसा जास्त. १८५४ साली कायदा झाला आणि देशात कुठेही पत्र धाडा, हलक्या पत्राला अर्धा आणा, असा नियम आला. रत्नागिरीहून मुंबईला तेवढाच आणि कलकत्त्याला तेवढाच. ज्याने तिकीट लावलं नाही त्याचं पत्र पोचायचं, पण घेणाऱ्याला दुप्पट भरावे लागायचे. त्याला आपल्याकडे ‘नॉटपेड’ म्हणत. जुन्या बायकांच्या बोलण्यात हा शब्द अजून येतो.

त्याच १८५४ साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना माणसं लागली. ती माणसं कुठून आली? सगळ्यात जास्त आपल्याकडून. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, तो १९८१ मध्ये झाला, तेव्हा रत्नागिरी जिल्हा म्हणजे मंडणगडपासून सावंतवाडीच्या बाजूपर्यंतचा पट्टा. गिरणगावात कामगारांचे जिल्हे मोजले की रत्नागिरीचं नाव पहिलं यायचं. डोंगरउताराची जमीन, भात एकदाच, त्यात भाऊबंदकीची वाटणी आणि खोताचा हिस्सा. घरात चार मुलगे असले तर दोघे मुंबईला जायचेच. जाताना बायको-मुलं गावाला, कारण मुंबईत दहा माणसांत एक खोली, तिथे संसार कसा मांडणार? शिवाय शेत कोण करणार, गुरं कोण बघणार, म्हाताऱ्यांचं कोण करणार? हे सगळं मागे राहिलेल्या बाईने केलं.

तर घर इथे आणि कमाई तिथे, अशी आपली विभागणी झाली. मधे दोनशे मैलांचं अंतर. ते पोस्टाने जोडलं.

तीन तारखा सांगते, कारण त्या एकामागोमाग आहेत. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आलं, पाव आण्याला, म्हणजे जुन्या एका पैशाला. १८८० मध्ये मनीऑर्डर पोस्टाकडे आली. १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक निघाली. म्हणजे तीन वर्षांत निरोप पाठवायची, पैसे पाठवायची आणि पैसे साठवायची सोय झाली. यातली मनीऑर्डर आपल्या जिल्ह्याने उचलून धरली. कोकणाची अर्थव्यवस्था म्हणजे ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ असं अभ्यासक लिहितात. वाचायला बरं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की चूल पेटणार का, हे मुंबईच्या पगारावर आणि पोस्टमनच्या पायांवर ठरायचं.

मनीऑर्डर कशी चालायची ते जरा नीट सांगते, कारण आपल्या मुलींनी ती पाहिलेलीच नाही. पगार झाला की चाकरमानी पोस्टात जायचा. आधी खाणावळवालीचे पैसे, मग खोलीचे, मग उधारीचे, उरलेले गावाला. फॉर्म भरायचा. लिहिता येत नसलं तर दुसऱ्याकडून भरून घ्यायचा. मुंबईच्या मोठ्या पोस्टाच्या, म्हणजे जीपीओच्या समोर पत्र लिहून देणारे बसायचे, ते फॉर्मही भरायचे. रक्कम, कुणाच्या नावे, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. फॉर्मच्या एका तुकड्यावर चार ओळींची जागा निरोपासाठी. पैसे पोस्टात भरायचे आणि वर पोस्टाचं कमिशन. शेवटच्या काळात ते शंभराला पाच रुपये होतं. शंभरातले पाच म्हणजे थोडे नव्हेत.

नोटा काही गावाला यायच्या नाहीत. यायचा तो कागद. टपालाच्या थैलीतून कागद गावच्या पोस्टात पोचला की तिथल्या गल्ल्यातून पैसे द्यायचे. पोस्टमन ते घेऊन वाडीवर यायचा, नोटा मोजून हातात द्यायचा, सही घ्यायचा. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. निरोपाचं कुपन घरी राहायचं आणि सही-अंगठ्याची पावती मुंबईला परत जायची. ती पावती मिळाली की तिकडचा माणूस सुटकेचा श्वास टाकायचा.

आता यात अडायचं कुठे, ते बघा. गावच्या छोट्या पोस्टात किती रोकड ठेवायची याला मर्यादा असते. गणपतीच्या आधी किंवा शिमग्याच्या तोंडावर एकदम पंचवीस-तीस मनीऑर्डरी आल्या की गल्ला पुरायचा नाही. मग मास्तर मोठ्या पोस्टाकडे रोकड मागायचे, ती पुढच्या थैलीतून यायची. कागद येऊन पडलेला, पण पैसे दोन-चार दिवसांनी. वाण्याची उधारी थकलेली, सणाचा बाजार करायचा, आणि बाई रोज पोस्टाच्या पायरीपर्यंत जाऊन परत. यात मास्तरांचा दोष नसायचा, पण शिव्या त्यांनाच. आजही एटीएमसमोर ‘कॅश नाही’ ही पाटी बघितली की मला ही गोष्ट आठवते.

दुसरी अडचण पावसाची. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वी मुंबईची वाट समुद्राची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी या बंदरांत बोटी लागायच्या. पावसाळ्यात बोटी बंद. मग घाटातून उतरणारी वाट तेवढी उरायची. टपाल पाठीवर घेऊन धावणारा माणूस, हातात घुंगरांची काठी किंवा भाला, जनावरांना दूर ठेवायला. मोठ्या रस्त्यापर्यंत टपाल आलं तरी पुढे वाडीपर्यंत पाखाडी उतरायची, पऱ्या ओलांडायचा, साकव वाहून गेलेला असला तर पलीकडून हाका मारायच्या. आपल्याकडे गाव एका ठिकाणी नसतं. एक वाडी डोंगराच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला, तिसरी खाडीकाठी. देशावरचा पोस्टमन एका पारावर उभा राहून अर्ध्या गावाचं टपाल वाटू शकतो. आपल्याकडच्याला दोन पत्रांसाठी तासभर चालावं लागतं. पत्र उशिरा का येतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर पत्त्यात आहे. आपण ‘मु. पो.’ असं एकत्र लिहून टाकतो. मुक्काम म्हणजे तुमचं गाव, आणि पोस्ट म्हणजे ज्या गावात पोस्ट ऑफिस आहे ते गाव. दोन्ही एक असेल तरच मु. पो. एकत्र. नाहीतर मुक्काम वेगळा आणि पोस्ट वेगळं लिहायला हवं. आणि वाडीचं नाव लिहायलाच हवं, कारण मधलीवाडी, वरचीवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी ही नावं गावोगाव आहेत. एकाच नावाचे तीन-तीन बाप्ये एका गावात असतात, तेव्हा वडिलांचं नाव घातलं नाही तर कागद भलत्याच घरी जातो.

पत्त्यांचा हा गोंधळ सगळ्या देशाचाच होता. तो सोडवायला पिन कोड निघाला, १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो ज्यांनी तयार केला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. पोस्ट खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. सहा आकड्यांत पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा चार. पहिले तीन आकडे मिळून टपाल कुठे निवडायचं ते सांगतात आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट सांगतात. गंमत बघा, रत्नागिरी शहराचा पिन ४१५६१२, चिपळूणचा ४१५६०५, म्हणजे सुरुवात साताऱ्यासारखी ४१५ ने. पण लांजा ४१६७०१ आणि राजापूर ४१६७०२, कोल्हापूरसारखे ४१६ ने. जिल्हा एक, पण टपालाचे रस्ते दोन. सरकारी फॉर्मवर दुसऱ्या तालुक्याचा पिन बघून लिहिलात तर कागद घाटापलीकडे फिरून येतो. तेव्हा गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आपला पिन मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येते. मनीऑर्डर कुणाच्या नावे यायची?

बऱ्याच घरांत ती सासऱ्याच्या नावे यायची, सासरे नसतील तर थोरल्या दिराच्या. शेत कसणारी, भात लावणारी, मुलांना वाढवणारी सून, पण नोटा मोजून घ्यायचे ते दुसऱ्याच हाताने. मग तेल-मिठाला, मुलाच्या फीला मागायचं. काही चाकरमानी बायकोच्या नावे पाठवायचे. तेव्हा पोस्टमन ओटीवर उभा राहून तिचं पूर्ण नाव मोठ्याने घ्यायचा. अमकीची सून, तमक्याची आई, अशी एरवीची ओळख. तिचं स्वतःचं पूर्ण नाव चारचौघांत घेणारा पोस्टमन हा बहुधा एकटाच. मला ही लहान गोष्ट वाटत नाही. आणि ज्या घरात सुनेच्या नावाने पहिली मनीऑर्डर आली, त्या घरात दोन दिवस कुणी धड बोललं नसेल, हेही तुम्हाला सांगायला नको.

पण तिच्या नावे आली तरी कुपन वाचणार कोण? अक्षरओळख नसली की पोस्टमननेच वाचायचं. नवऱ्याने चार ओळींत लिहिलेलं, सासू-सासऱ्यांना नमस्कार, पाऊस कसा आहे, रेडा विकला का, गणपतीला येतो. बायकोसाठी वेगळा शब्द लिहायचा तर तो पोस्टमनच्या तोंडून, साक्षीदाराच्या समोर ऐकायला लागणार. म्हणून तो लिहिलाच जायचा नाही. उत्तरही तसंच. शाळेतल्या मुलाला बसवून पोस्टकार्ड सांगायचं, आणि घरातली अडचण, सासुरवास, स्वतःचं दुखणं, यातलं काहीही त्या कार्डावर यायचं नाही, कारण लिहिणारा घरातलाच. आपल्याकडे अनेक वयस्क बायका साक्षरता वर्गात का आल्या, हे विचारलं तर ‘पत्र मला वाचता यावं’ असं उत्तर मिळायचं. बँकेचं, हिशेबाचं कारण नंतरचं.

अंगठ्याचंही तसंच. कागदावर अंगठा उठवताना साक्षीदार लागायचा आणि साक्षीदार म्हणजे सही करू शकणारा पुरुष. किती रुपये आले हे त्याला कळायचं, मग वाडीला कळायचं. रक्कम कागदावर पन्नास आणि हातात पंचेचाळीस, असे प्रकारही लोक सांगतात. सगळे पोस्टमन तसे नव्हते. उलट नदीला पाणी असताना पैसे डोक्याला बांधून आणून देणाऱ्यांच्याही गोष्टी आहेत. पण ज्या बाईला आकडा वाचता येत नाही, तिला यातला फरक ओळखण्याचा मार्ग नव्हता, एवढंच मला म्हणायचं आहे.

मग १८ जानेवारी १९८२ आला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. महिने गेले, वर्ष गेलं. या संपाबद्दल खूप लिहिलेलं आहे, पण सगळं मुंबईतून. आपल्या गावांत तो संप पोस्टाच्या थैलीतून दिसला. मनीऑर्डरी कमी झाल्या, मग थांबल्या, आणि मग पाठवणारेच ट्रंका घेऊन परत आले. दहा-पंधरा वर्षं एकटीने घर चालवलेल्या बाईच्या घरात आता नवरा रिकामा बसलेला, आणि पैसा नाही. तेव्हा रोजगार हमीच्या कामावर, चिरेखाणीवर, आंब्याच्या बागेत, काजूच्या कारखान्यात बायका गेल्या. रोख मजुरी स्वतःच्या हातात घ्यायची सवय बऱ्याच जणींना तेव्हा लागली. पुढे बचत गट निघाले तेव्हा दरमहा रोख भरायला या बायका पुढे आल्या, यामागे ती सवयही आहे असं माझं मत आहे.

गावं मात्र रिकामी होत राहिली. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली, १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. आणि दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका. मागे राहणारी बाईच, हे अजून तसंच आहे.

बाकीचं पटकन सांगते. तार २०१३ मध्ये बंद झाली. कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये थांबली, आता संगणकावरून जाते आणि निरोपाला ठरावीक वाक्यांतलं एक निवडायचं असतं. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं. पोस्टकार्ड मात्र अजून पन्नास पैशांना मिळतं.

आता नवी सोय म्हणजे १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली पोस्ट पेमेंट्स बँक. इथे बायकांचा फार गोंधळ होतो म्हणून लक्ष द्या. पोस्टात दोन वेगळी खाती असतात. एक जुनं बचत खातं, १८८२ च्या परंपरेतलं, पासबुकवालं, त्यात किमान ५०० रुपये ठेवावे लागतात. दुसरं पेमेंट्स बँकेचं, त्यात किमान रकमेची अट नाही, पण दोन लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, आणि पोस्टमन दारात येऊन मशीनवर व्यवहार करतो. लाडकी बहीण योजनेच्या वेळी २०२४ मध्ये पोस्टासमोर रांगा लागल्या, त्यात बहुतेक जणींनी हे दुसरं खातं काढलं. मग जुनं पासबुक घेऊन पैसे बघायला गेल्या आणि ‘जमा नाहीत’ ऐकून रडत परतल्या. पैसे होते, दुसऱ्या खात्यात.

या पेमेंट्स बँकेने खातं बाईच्याच नावाचं आणि दारात पैसे, हे दोन्ही दिलं. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद असताना पोस्टमनने दारात येऊन पैसे काढून दिले, हे आपण पाहिलं आहे. साक्षीदार लागत नाही, रक्कम वाडीला कळत नाही. पण अंगठा आहेच, आता मशीनवर. आणि इथे आपल्याकडची अडचण अशी, की काजू सोलणाऱ्या बाईची बोटं काजूच्या चिकाने भाजलेली असतात. भात लावणारीच्या बोटांच्या रेघा पावसाळाभर गेलेल्या असतात. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाला असा अंगठा चालायचा, शाईचा डाग उठला की झालं. आजच्या मशीनला चालत नाही. आमच्या ओळखीच्या एका गटातल्या साठीच्या मावशींचा अंगठा तीन महिने लागला नाही, आणि दर वेळी त्यांना ‘पुढच्या आठवड्यात बघू’ एवढंच सांगितलं गेलं. पैसे त्यांचे, खातं त्यांचं, नाव त्यांचं, आणि हात हलवत परत.

असं झालं तर काय करायचं? एक, दहाही बोटं लावून बघायला सांगा, एकाच बोटावर थांबू नका. हात आधी कोमट पाण्याने धुऊन थोडं खोबरेल लावून पुसा. दोन, आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने द्या, पण काजूचा हंगाम संपल्यावर, हात बरे झाल्यावर. तीन, चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय पोस्ट बँकेने आणली आहे, तिची चौकशी करा. चार, जुन्या बचत खात्यातून पैसे काढायच्या फॉर्मवर सही चालते, आणि अंगठाही साक्षीने चालतो. म्हणून ज्यांची बोटं खराब झाली आहेत त्यांनी हे खातंही ठेवावं, असं मी सांगते. आणि रेंज नसेल तर पोस्टमन भाऊंशी भांडून उपयोग नाही. ते ग्रामीण डाक सेवक आहेत, चार-पाच तासांची नेमणूक, आणि रेंज शोधत तेही आपल्याबरोबर टेकडी चढतात. तक्रार करायची तर लेखी, पावतीचा नंबर घालून, वरच्या पोस्टाकडे करा. स्पीड पोस्टाची पावती फेकू नका, तिच्यावरच्या नंबराने कागद कुठे अडकला ते मोबाईलवर दिसतं. मुलाखतीचं पत्र उशिरा आलं तर पाकिटावरचा शिक्का बघा. कुठल्या तारखेला निघालं आणि कुठल्या तारखेला आपल्या पोस्टात आलं, ते त्यावर कळतं. बऱ्याचदा पाठवणाऱ्या कचेरीनेच उशिरा टाकलेलं असतं. ते पाकीट जपून ठेवा, पुरावा म्हणून लागतं.

शेवटी एक काम. आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, जुन्या पोथीच्या पानांत मनीऑर्डरीची कुपनं असतील. चार बोटांचा कागद, निळ्या शाईतल्या तीन-चार ओळी. वाळवी लागण्याआधी ती शोधा. कुणाच्या नावाने आली आहेत ते बघा, सासऱ्यांच्या की आजीच्या. पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या. आम्ही मोबाईलवर फोटो काढून घेऊ आणि कागद तिथल्या तिथे परत देऊ. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी संकोच करू नये, आपल्याच मुली वाचून दाखवतील, आणि खासगी काही असेल तर बाजूला बसून हळू आवाजात.